विंचूदंशावरील उपचारांचा इतिहास व त्यापासून घ्यावयाचा बोध

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे, कुलदैवतांची माहिती आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या हकीकती बहुधा प्रसिद्ध होत असतात. ही प्रथा उचितच आहे. तथापि इतिहास हा केवळ सनदांचा, वतनांचा व वंशावळींचा नसतो. घरातील जे मूल पूर्वी एका रात्रीत दगावत असे, ते आज सकाळी उठून दूध मागते, हाही इतिहासच होय. आणि तो कोणी, कोठे व कसा घडविला हे जाणून घेणे प्रत्येक कुटुंबास हितावह आहे. म्हणून प्रस्तुत लेखात विंचूदंशावरील उपचारांचा वृत्तान्त ज्ञातिबंधुभगिनींपुढे मांडण्याचे योजिले आहे.

विषय विंचवाचा असल्याने कोणी हसू नये. पूर्णा व तिच्या आसपासच्या खेड्यांतून ज्यांचे बालपण गेले आहे त्यांस विंचवाची ओळख करून द्यावी लागत नाही. कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या ढिगात, सरपणाच्या मोळीत, दगडी भिंतीच्या सांदीत त्याचे वास्तव्य असते. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर तो बाहेर पडतो व अंगणात, ओसरीत निजलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत येतो. इंगळी म्हणून ओळखला जाणारा मोठा काळा विंचू दिसावयास भयंकर. परंतु त्याच्या मानाने लहानखुरा असा तांबडा विंचूच अधिक प्राणघातक असतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते.

विंचू चावला म्हणजे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या काळी पहिली धाव मांत्रिकाकडे असे. तो मंत्र म्हणून विंचू उतरवी, आणि बहुतेक वेळा विंचू उतरेही. यावरून त्या काळची माणसे भोळी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. वस्तुस्थिती अशी की, विंचवाच्या बहुसंख्य दंशांत केवळ तीव्र वेदना होते व काही तासांनी ती आपोआप ओसरते. मंत्र म्हटला तरी ती ओसरते आणि न म्हटला तरी ओसरते. ज्या थोड्या दंशांत विष अंगात भिनून हृदयावर घाला घालते, तेथे मंत्राचा काहीच उपयोग होत नसे. पण त्या वेळी दोष मंत्राकडे न जाता नशिबाकडे जात असे. किती जणांस दंश झाला, त्यांपैकी कितीजण उपचाराने वाचले आणि कितीजण उपचार करूनही गेले, याची मोजदाद कोणी ठेवीत नव्हते. मोजदाद नसली की श्रद्धा व अनुभव यांतील भेद कळत नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व कथा या मोजदादीचीच आहे.

वैद्यकीय संशोधन म्हटले की मोठे शहर, भव्य इमारत आणि सरकारी तिजोरीतील पैसा हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आपल्या भागास या चित्राचा एक जुना दाखला आहे. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन; येथून एक फाटा हिंगोलीकडे जातो आणि मुख्य मार्ग नांदेडवरून सिकंदराबादेस पोचतो. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत होता आणि मोठ्या दुखण्यासाठी माणूस हैदराबादकडे पाही. त्या हैदराबादेत निजामाच्या नोकरीतील एडवर्ड लॉरी या शल्यवैद्याने १८८८ साली क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाची चौकशी करण्यासाठी एक मंडळ नेमविले. शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्मने अकस्मात मृत्यू येतो तो हृदय थांबल्यामुळे की श्वास थांबल्यामुळे, हा वादाचा प्रश्न होता. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या सुप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने या पहिल्या चौकशीच्या निष्कर्षाविषयी शंका घेतली, तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले. त्या पैशातून लॅन्सेटने आपला प्रतिनिधी म्हणून लॉडर ब्रन्टन या नामांकित डॉक्टरास हैदराबादेस धाडले आणि १८८९ साली दुसरी चौकशी पार पडली. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा निघाला की, क्लोरोफॉर्मने प्रथम श्वास थांबतो, सबब डॉक्टरांनी नाडीकडे नव्हे तर श्वासाकडे लक्ष द्यावे.

एवढा खर्च, एवढी ख्याती आणि एवढा आटापिटा होऊनही हा निष्कर्ष अपुरा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही या इंग्रज संशोधकाने मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, हलक्या भुलीच्या अवस्थेत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची गती अकस्मात विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. लॉरीच्या निष्ठेविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु उत्तर अगोदरच मनाशी ठरवून पुरावा गोळा करावयास निघाले असता राजाश्रयही सत्याच्या उपयोगी पडत नाही, एवढे यावरून दिसते.

याच हैदराबाद राज्यातील सिकंदराबादेत याच्या उलट दाखलाही घडला. तेथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरास, हिवतापाच्या रोग्याचे रक्त प्यालेल्या डासाच्या पोटात त्या तापाचे जंतू आढळले. हुसेन खान नावाच्या रोग्याने डासांकडून स्वतःस चावून घेतले आणि त्याबद्दल दर डासामागे त्यास एक आणा मिळाला, हे प्रसिद्धच आहे. येथे थोर साधनसामग्री नव्हती. एक सूक्ष्मदर्शक, एक रोगी आणि महिनोन्‌महिने डास चिरून पाहण्याची चिकाटी एवढ्यावरच काम झाले.

हे दोन दाखले मनाशी ठेवून आता आपण मूळ विषयाकडे वळू.

पूर्णा नदीच्या वरच्या खोऱ्यात भोकरदन तालुका आहे. आज तो जालना जिल्ह्यात मोडतो. पूर्वी तो औरंगाबाद जिल्ह्यात होता. या तालुक्यातील देहेड या खेड्यात १९५१ साली हिम्मतराव साळुबा बावस्कर यांचा जन्म झाला. घरची स्थिती गरिबीची. कष्ट करीत त्यांनी शिक्षण घेतले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. १९७६ साली त्यांची नेमणूक महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे महाड हे नाव महाराष्ट्रात सर्वांस परिचित आहे. परंतु तो भाग, म्हणजे तेव्हाचा कुलाबा व आताचा रायगड जिल्हा, तांबड्या विंचवाचेही घर आहे. मराठवाड्याच्या कोरड्या मुलखातून गेलेला हा तरुण डॉक्टर कोकणच्या त्या डोंगराळ भागात जाऊन पोचला आणि रात्री-अपरात्री झोळीत घालून आणलेली मुले त्याच्यापुढे येऊ लागली.

त्या वेळी विंचूदंशाविषयी वैद्यकाच्या पुस्तकांतून फारसे मार्गदर्शन मिळत नसे. १९६१ साली डॉ. पी. एम. मुंडले यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्ये या विषयाकडे लक्ष वेधले होते. तथापि दंशानंतर नेमके काय घडते आणि रोग्यास वाचवावे कसे, हे कोडे सुटलेले नव्हते. वेदनाशामके, झोपेची औषधे, ॲट्रोपिन, स्टिरॉइड अशी नाना औषधे दिली जात, आणि तरीही गंभीर दंश झालेल्या रोग्यांपैकी शेकडा तीस ते चाळीस मृत्यू पावत.

डॉ. बावस्कर यांनी अशा प्रसंगी जे केले ते करण्यास पैसा लागत नाही; चिकाटी मात्र लागते. ते रोग्याच्या खाटेपाशी बसले आणि दर काही वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांची ऊब यांची नोंद करू लागले. अनेक रोग्यांच्या अशा नोंदी एकत्र झाल्यावर त्यांतून एक क्रम स्पष्ट झाला. ज्या मुलास दंशाच्या जागी केवळ असह्य वेदना होते व जे आक्रोश करते, ते बहुधा बरे होते. ज्यास उलट्या होतात, अंगावर घामाच्या धारा लागतात आणि हातपाय थंडगार पडतात, त्याचा जीव धोक्यात असतो, मग ते रडो वा न रडो. मुलगा असल्यास जननेंद्रियास ताठरता येणे हेही त्यातील एक लक्षण आहे. प्रथम रक्तदाब वाढतो, नाडी जलद चालते. पुढे हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते, तोंडावाटे गुलाबी फेस येतो आणि रोगी गुदमरून मरतो. ही धोक्याची पूर्वचिन्हे वर्णन करणारा त्यांचा लेख १९८२ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. निजामाच्या हजार पौंडांवर ज्या नियतकालिकाने हैदराबादेस प्रतिनिधी पाठविला होता, त्याच नियतकालिकात आता महाड तालुक्यातील खाटेजवळच्या नोंदी छापून आल्या, ही गोष्ट मननीय नव्हे काय?

या लक्षणांचे कारण सोप्या शब्दांत असे सांगता येईल. मज्जातंतूंच्या पेशींवर क्षारांच्या सूक्ष्म कणांची ये-जा होण्यासाठी दारे असतात. विंचवाच्या विषामुळे यांपैकी काही दारे वेळेवर मिटत नाहीत. त्यामुळे मज्जातंतू सारखे उत्तेजित राहतात आणि भीतीच्या प्रसंगी जो रस शरीरात थोडा पाझरतो, तो पुरासारखा रक्तात उतरतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय थंड पडतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय दमते. म्हणजे मृत्यूचे मूळ या आवळलेपणात आहे. तो सैल झाला तर रोगी वाचावा, हे ओघानेच आले.

प्रथम सोडियम नायट्रोप्रुसाइड हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध शिरेतून थेंबाथेंबाने देऊन पाहण्यात आले. त्याने गुण येई. परंतु त्यावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावे लागते व ते खेड्यातील दवाखान्यास झेपणारे नव्हते. मग प्राझोसिन या औषधाकडे लक्ष गेले. हे मूळचे रक्तदाबावरचे औषध. ते गोळीच्या रूपाने तोंडावाटे देता येते, स्वस्त आहे, आणि विषामुळे उसळलेल्या रसाचा रक्तवाहिन्यांवर जो परिणाम होतो तोच नेमका अडविते. डॉ. हिम्मतराव व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी या औषधाचा अनुभव १९८६ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केला. हातपाय गरम होणे हीच औषध लागू पडल्याची खूण. खेड्यातील परिचारिकेसही हाताने स्पर्श करून कळावी अशी ही खूण आहे, आणि हेच या उपचाराचे मोठे वैशिष्ट्य होय. प्राझोसिनचा उपयोग वेळेवर होऊ लागल्यापासून गंभीर विंचूदंशातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. पुढे अन्य देशांतील डॉक्टरांनीही या उपचाराची दखल घेतली.

येथे ही कथा संपली असती तरी ती थोर ठरली असती. परंतु खरा संशोधक स्वतःच्या यशाचीही परीक्षा घेतो. मध्यंतरी मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या हाफकिन बायोफार्मा या सरकारी कंपनीत तांबड्या विंचवाच्या विषावरील प्रतिविष तयार होऊ लागले. अशा लसीचा उपयोग होतो की नाही, याविषयी जगात मतभेद होते. १९९९ साली आफ्रिकेच्या उत्तरेकडील ट्युनिशिया देशात झालेल्या एका मोठ्या पाहणीत तिचा लाभ दिसून आला नाही; परंतु तेथील विंचू वेगळा, लस वेगळी व पुष्कळसे रोगीही सौम्य दंशाचे होते. आपल्याकडे डॉ. व्ही. एस. नातू व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील एका ग्रामीण रुग्णालयातील आपला अनुकूल अनुभव २००६ साली प्रसिद्ध केला. परक्या मुलखातील उत्तर आपल्या विंचवास लागू पडते की नाही, हे आपणच पाहिले पाहिजे, हा त्यामागील विचार होता.

तेव्हा बावस्कर दांपत्याने महाड येथे रीतसर तुलना केली. गंभीर दंशाचे ७० रोगी घेण्यात आले व कोणास कोणता उपचार द्यावयाचा हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता दैवगतीवर, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, सोपविण्यात आले. ३५ जणांस केवळ प्राझोसिन आणि ३५ जणांस प्राझोसिनसह प्रतिविष देण्यात आले. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झालेल्यांची संख्या पहिल्या गटात ८ व दुसऱ्या गटात ३२ भरली. हा वृत्तान्त २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. रोगी थोडे होते, ठिकाण एकच होते, आणि कोणास काय दिले हे डॉक्टरांस ठाऊक होते. या मर्यादा विसरून चालणार नाहीत. तथापि ज्या औषधाने आपले नाव झाले, त्यात आणखी एका औषधाची भर घातल्यास रोगी लवकर बरा होतो, हे स्वतःच सिद्ध करून जगापुढे मांडणे यास मनाचा प्रांजळपणा लागतो. लॉरीच्या चौकशीत जी उणीव राहिली ती नेमकी येथे भरून निघाली. २०२२ साली भारत सरकारने डॉ. हिम्मतराव बावस्कर यांस पद्मश्री देऊन गौरविले.

सुज्ञ वाचकहो, या वृत्तान्तापासून आपण काय घ्यावयाचे?

पहिली गोष्ट प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे. विंचू चावल्यावर मुलास उलटी झाली, दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, तर एक क्षणही न दवडता त्यास रुग्णालयात न्यावे. दंशाची जागा कापू नये, दोरीने आवळू नये. घरातील कोणासाठी रक्तदाबावरची गोळी आणलेली असल्यास ती आपल्या मनाने देऊ नये. प्राझोसिनने रक्तदाब एकाएकी उतरून माणूस भोवळ येऊन पडू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग्यास निजवून ठेवूनच द्यावयाचे असते. मंत्रावर ज्यांची श्रद्धा असेल त्यांच्याशी येथे वाद घालावयाचा नाही. त्यांनी मंत्र अवश्य म्हणावा, पण तो रुग्णालयाच्या वाटेवर गाडीत बसून म्हणावा. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेले दोन तास मागाहून कोणत्याही औषधाने भरून काढता येत नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या सुशिक्षित तरुणांस उद्देशून आहे. १९५६ साली औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९७४ साली अंबेजोगाईस, १९८८ साली नांदेडास. आणि २०२३ पासून परभणीतही वैद्यकीय शिक्षणाची सोय झाली आहे. एके काळी हैदराबादेस गेल्यावाचून ज्या मुलखातील मुलास डॉक्टर होता येत नव्हते, तेथे आता घराजवळ शिक्षण मिळते. ज्ञातीतील कितीतरी मुलेमुली डॉक्टर होत आहेत व मंडळ त्यांचा सत्कार करीत असते. परंतु पदवी मिळताच शहराची वाट धरावयाची आणि ग्रामीण रुग्णालयातील नेमणूक ही शिक्षा समजावयाची, अशी जी मनोवृत्ती दिसते ती खेदजनक आहे. मुलांपेक्षाही त्यांच्या पालकांची ही मनोवृत्ती अधिक असते, हे कटू असले तरी सत्य आहे. मुलीचे स्थळ पाहताना डॉक्टर मुलगा खेड्यात आहे म्हणून आपण नाक मुरडतो, आणि मग सभेत उभे राहून खेड्यात डॉक्टर मिळत नाही म्हणून तक्रार करतो. बिरवाडीच्या नेमणुकीस शिक्षा मानून तो तरुण डॉक्टर बदलीच्या खटपटीस लागला असता, तर ही कथा लिहिण्याचा प्रसंगच आला नसता.

तिसरी गोष्ट सर्वांसाठी आहे. संशोधन हे केवळ थोरामोठ्यांचे काम नव्हे. डोळ्यांपुढे जे घडते ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, यशाबरोबर अपयशही लिहिणे, आणि लिहिलेले पुन्हा पुन्हा ताडून पाहणे, एवढेच त्याचे मूळ आहे. शिक्षकास शाळेत, शेतकऱ्यास शेतात, परिचारिकेस दवाखान्यात आणि गृहिणीस घरातही हे करता येईल. आपल्या पूर्वजांनी जमाखर्चाच्या वह्या बिनचूक ठेविल्या. आरोग्याच्या वह्याही तशाच बिनचूक ठेवावयास आपण शिकलो पाहिजे.

मंडळाच्या वार्षिक सत्कारसमारंभात उच्च गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांस पारितोषिके देण्यात येतात. त्यांबरोबरच, ग्रामीण रुग्णालयात निष्ठेने सेवा करणाऱ्या व आपल्या रोग्यांच्या नोंदी काळजीपूर्वक ठेवणाऱ्या ज्ञातीतील एखाद्या डॉक्टरास वा परिचारिकेस दरवर्षी गौरविण्याचा विचार कार्यकारी मंडळाने करावा, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो. पूर्णेच्या खोऱ्यातील एका खेड्यातून निघालेला मुलगा महाडच्या मुलांचा तारणहार झाला. आपल्या गावातील मुलांसाठी रात्री खाटेजवळ वही घेऊन बसणारा कोणी आपल्याच घरांतून निघावा, अशी आशा बाळगणे अस्थानी होणार नाही.